सब खैरियत है : टँकर युद्ध आणि अब्बांची नळी

कोकणातल्या मुसलमान घरांत 'नळी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. जहाजावर नोकरी करणाऱ्या खलाशाला सरकारकडून जे नोंदणीपुस्तक मिळतं, कागदोपत्री ज्याला सी.डी.सी. म्हणतात, ती नळी. पूर्वी हा दाखला गुंडाळून पत्र्याच्या नळीत ठेवत, म्हणजे खारं पाणी लागत नसे. पुढे दाखल्याचं पुस्तक झालं, पण नाव तेच राहिलं. 'पोराची नळी निघाली' याचा अर्थ घराची चूल आता पेटती राहील. सोयरीक जुळवतानासुद्धा आधी नळीची चौकशी व्हायची.

नळीच्या प्रत्येक पानावर ठरलेले रकाने असतात. जहाजाचं नाव, त्याचं वजन, नोकरीवर चढल्याची तारीख आणि बंदर, उतरल्याची तारीख आणि बंदर. शेवटी काम कसं आणि वर्तणूक कशी याचे दोन शिक्के. माणसाने काय पाहिलं, काय सोसलं, यासाठी रकाना नसतो.

माझे अब्बा सुकानी होते, म्हणजे जहाजाचं चाक हाती धरणारे. त्यांचा इंतकाल होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या पेटीत नळी होती, हिशोबाचे काही कागद होते, फोटोंचा एक लिफाफा होता. अम्मीच्या कपाटात त्यांची पत्रं होती, १९८४ ते १९८७ या काळातली १७. हे दोन ढीग एकमेकांशेजारी कधी ठेवले गेले नव्हते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते तारखेप्रमाणे लावले. शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे जुनं हस्ताक्षर वाचायची सवय आहे. पण ही पत्रं नुसती वाचून भागत नाही. ती ज्या युद्धातून लिहिली गेली, ते युद्ध आधी समजून घ्यावं लागतं.

इराकने २२ सप्टेंबर १९८० रोजी इराणवर हल्ला केला. भांडणाचं एक मूळ शत-अल-अरब ही नदी होती. तैग्रिस आणि युफ्रेटिस एकत्र येऊन होणारी ही नदी दोन्ही देशांची सरहद्द आहे आणि इराकच्या बसरा बंदराचा समुद्राकडे जाणारा रस्ताही तीच. युद्ध सुरू झालं तेव्हा या नदीत वेगवेगळ्या देशांची सत्तरच्या आसपास व्यापारी जहाजं उभी होती. ती तिथेच अडकली. खलाशी कसेबसे बाहेर पडले, जहाजं मात्र वर्षानुवर्षं गंजत राहिली. समुद्रावर पोट भरणाऱ्यांना या युद्धाचा पहिला धडा तिथे मिळाला. लढाई दोन फौजांची असली तरी मधे सापडतो तो तिसराच.

पुढच्या तीन वर्षांत जमिनीवरची लढाई थिजली. इराणचा खर्च तेलावर चालत होता आणि त्याचं जवळजवळ सगळं कच्चं तेल खार्ग या एका छोट्या बेटावरून जहाजांत भरलं जाई. हे तेल बंद पाडलं तर इराण वाकेल, असं इराकचं गणित होतं. १९८३ च्या अखेरीस त्याला फ्रान्सकडून सुपर एतांदार विमानं मिळाली. त्यांच्यावर एक्झोसेट क्षेपणास्त्रं बसवता येत. १९८४ च्या वसंतात खार्गकडे जाणाऱ्या-येणाऱ्या टँकरांवर हल्ले वाढले. मे महिन्यात इराणने उलट वार केला. इराकला पैसा पुरवणाऱ्या कुवेत आणि सौदी अरबस्तानच्या तेलाची ने-आण करणारी जहाजं त्याने लक्ष्य केली. १ जून १९८४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ५५२ क्रमांकाचा ठराव करून व्यापारी जहाजांवरच्या हल्ल्यांचा निषेध केला. हल्ले थांबले नाहीत. या चार वर्षांना इतिहासात 'टँकर युद्ध' म्हणतात.

या टँकरांवर झेंडा लायबेरियाचा, पनामाचा किंवा सायप्रसचा असे. मालक कुठला तरी, तेल कुणाचं तरी, विमा लंडनचा. कामाला माणसं मात्र फिलिपाइन्सची, पाकिस्तानची, केरळची, गोव्याची आणि आपल्या रत्नागिरी-रायगडची. आपल्याकडची मुलं डोंगरीत नाहीतर माझगावात गावच्या जमातीच्या खोलीत वळकटी टाकून महिनोन् महिने नंबर लागायची वाट पाहत. नंबर लागला आणि जहाज आखातात जाणारं निघालं, तर नाही म्हणायची ऐपत फार थोड्यांची होती.

आता पत्रं. प्रत्येकाच्या माथ्यावर ७८६, आणि खाली उर्दू पत्राची ती ठरलेली सुरुवात : सलामनंतर मालूम व्हावं की इथे सब खैरियत आहे आणि तुमची खैरियत खुदाकडून नेक मतलूब आहे. शाळेत मुलांना मी हेच वाक्य पत्रलेखनाचा रिवाज म्हणून शिकवते. अब्बांच्या सतराही पत्रांत ते आहे. पुढे माझ्या अभ्यासाची चौकशी, दादीच्या गुडघ्यांची चौकशी, कलमं मोहरली का, गड्याला किती दिले. स्वतःविषयी दोन-तीन ओळी. गरमी फार आहे. भंडारी चांगला मिळालाय, मासळी आपल्यासारखी करतो. कप्तान भला माणूस आहे. १७ पत्रांत 'जंग' हा शब्द एकदाही नाही.

नुसती पत्रं हातात असती तर एखाद्याला वाटलं असतं, हा माणूस चार वर्षं निवांत समुद्रावर होता. नळी शेजारी ठेवली की चित्र बदलतं. टँकर युद्धाच्या काळात त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या : १९८४ ची, मग ऑक्टोबर १९८५ ते सप्टेंबर १९८६, आणि शेवटची १९८७ ची. तीनही वेळा टँकर, आणि चढण्याचं बंदर फुजैरा. फुजैरा होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या बाहेर आहे. तिथे आणि शेजारच्या खोरफक्कानसमोर जहाजं नांगर टाकून आत जाण्याच्या हुकमाची वाट पाहत. खलाशी विमानाने दुबईला, तिथून मोटारीने फुजैराला आणि पुढे लाँचने जहाजावर जात.

नळीत बंदर कळलं, पण जहाज आत किती वेळा गेलं ते कळत नाही. ते हिशोबाच्या कागदावर सापडलं. नोकरी संपताना खलाशाला पगाराचा हिशोब मिळतो. अब्बांच्या १९८६ च्या कागदावर मूळ पगार, ओव्हरटाइम, घरी पाठवलेली अलॉटमेंट यांच्या खाली एक ओळ आहे : वॉर बोनस, ६१ दिवस. जहाज युद्धाच्या पाण्यात जेवढे दिवस, तेवढ्या दिवसांचा जादा पैसा. म्हणजे त्या एका फेरीत ६१ दिवस त्यांनी अशा पाण्यात काढले, जिथे आकाशातून कधी काय येईल याचा भरवसा नव्हता. त्या काळातल्या पत्रांत गरमी आहे, मासळी आहे.

या फेरीतलं एक पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यावर इंग्रजी तारीख नाही, हिजरी आहे : जिल्हज १४०६, बकरीदनंतर दोन दिवसांनी. म्हणजे ऑगस्ट १९८६ चा मध्य. त्यात लिहिलंय, ईदची नमाज डेकवर झाली, आम्ही सात जण होतो. आणि पुढे, 'आता आम्ही इथून दुसरीकडे उभे राहणार असं कप्तान म्हणतो, तिकडे हवा बरी आहे.'

हवेचं कारण घरच्यांसाठी होतं. खार्गवर सतत बॉम्ब पडू लागल्यावर परदेशी टँकर तिथे यायला तयार होईनात. तेव्हा १९८५ पासून इराणने एक नवी पद्धत बसवली. भाड्याने घेतलेले टँकर खार्गला जाऊन तेल भरत आणि ते खाली दक्षिणेला सिरी बेटापाशी आणत. तिथे ते मोठ्या जहाजांत ओतलं जाई आणि गिऱ्हाईक तिथूनच घेऊन जाई. या ने-आणीला शटल म्हणत. म्हणजे धोक्याचा टप्पा शटलवरच्या माणसांनी सोसायचा आणि माल सुरक्षित जागी पोचवायचा. अब्बा या शटलवर होते. १२ ऑगस्ट १९८६ रोजी इराकी विमानांनी सिरीही गाठलं. तिथवर त्यांची मजल जाणार नाही असं तोवर धरून चालले होते. त्यानंतर इराणने हे काम आणखी पुढे, होर्मुझच्या तोंडाशी लारक बेटाजवळ हलवलं. सिरीवरचा हल्ला बकरीदच्या तीन-चार दिवस आधीचा. 'तिकडे हवा बरी आहे' या वाक्याचा हा अर्थ.

लारकपासून खार्ग सुमारे ४०० सागरी मैल. भरलेल्या टँकरला दीड दिवसाच्या आसपास लागतो. जहाजं शक्यतो रात्री, दिवे मालवून, इराणच्या किनाऱ्याला धरून चालत. सुकान्याची पाळी चार तासांची. अंधारात होकायंत्राकडे बघत चाक धरून उभं राहायचं. एक्झोसेट रडारने लोखंडाचा मोठा ढीग हुडकून त्याच्यावर येतं. कच्च्या तेलाने भरलेला अजस्र टँकर सहसा एका माराने बुडत नसे. पण टँकरचं इंजिन आणि माणसांच्या खोल्या मागच्या बाजूला असतात, आणि मार बसला तर बऱ्याचदा तिथे बसायचा. त्यामुळे बातमीत 'जहाजाचं किरकोळ नुकसान' असलं तरी आतल्या माणसांसाठी ते किरकोळ नसे.

गावात हे सगळं कळत नव्हतं असं नाही. रात्री बीबीसी उर्दूचं 'सैरबीन' लागायचं. ज्या घरात चांगला रेडिओ, तिथे बायका जमायच्या. मी सात-आठ वर्षांची असेन. खार्ग, सिरी, लारक ही नावं मी भूगोलाच्या पुस्तकाआधी तिथे ऐकली. निवेदक टँकरचं नाव सांगायचा, कधी नुसतंच 'लायबेरियाच्या झेंड्याचा टँकर' म्हणायचा. मग कुणीतरी विचारायचं, आपल्यातलं कोण कुठल्या झेंड्यावर आहे गं? चहाच्या हॉटेलात मात्र वेगळी चर्चा असे. कुणी सद्दामच्या बाजूने, कुणी खोमेनींच्या. दोघेही मुसलमान, दोघांच्याही तोंडी इस्लाम, म्हणून वाद जास्तच रंगायचा. ज्या घरांतला माणूस पाण्यावर होता, ती घरं या वादात पडत नसत. त्यांना एवढंच माहीत होतं की इराणी तेल वाहिलं तर इराकी विमान येतं आणि कुवेती तेल वाहिलं तर इराणी बोटी. क्षेपणास्त्र कलमा विचारत नाही.

अम्मीची उत्तरंही पेटीत होती. अब्बांनी ती जपून परत आणली होती. तीही तशीच. १९८६ च्या पावसाळ्यात आमच्या घराची मागची भिंत पडली आणि आम्ही दोन महिने चुलत्यांच्या ओटीवर झोपलो. अम्मीने लिहिलंय : पाऊस चांगला झाला, घरी सब खैरियत. दोघं चार वर्षं एकमेकांना हेच वाक्य पाठवत राहिले. दोघांनाही ते पुरतं खरं नाही हे ठाऊक असावं. आज अम्मीला विचारलं तर ती म्हणते, 'खैरियत म्हंजे माणूस जिवंत हाय, हात चालतो हाय, खत लिवतो हाय. अजून काय पायजे होतं?' उर्दू शिकवण्याच्या इतक्या वर्षांत या शब्दाचा याहून नेमका अर्थ मला कुणी सांगितला नव्हता.

१९८७ हे या युद्धाचं सगळ्यात वाईट वर्ष. मे महिन्यात अमेरिकेच्या 'स्टार्क' या लढाऊ जहाजावर इराकी क्षेपणास्त्र आदळून ३७ नौसैनिक ठार झाले. जुलैत अमेरिकेने कुवेती टँकरांवर आपला झेंडा लावून त्यांना पहारा द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्याच तांड्यातला 'ब्रिजटन' सुरुंगाला धडकला. ऑगस्टमध्ये फुजैराच्या समोरही सुरुंग सापडले. म्हणजे जिथे जहाजं निर्धास्त उभी राहत, तिथेही आता निर्धास्त राहता येईना.

अब्बांची शेवटची फेरी याच वर्षी. नळीप्रमाणे ते डिसेंबरात दुबईला उतरले, कराराची मुदत संपायच्या आधी. घरी आलेलं पत्र सांगतं, जहाज रंगकामासाठी गोदीत लागलंय. सोबत एक फोटो आहे : पाच जण ओळीने उभे, अब्बा उजवीकडून दुसरे. फोटोची डावी कड कात्रीने कापलेली आहे. कड जरा वाकडी गेली आहे. आमच्या घरी तो फोटो अनेक वर्षं फ्रेममध्ये होता आणि ती वाकडी कड फ्रेमखाली झाकली जायची.

त्याच फोटोची दुसरी, न कापलेली प्रत पेटीतल्या लिफाफ्यात निघाली. डाव्या बाजूला जहाजाचा मागचा भाग दिसतो. खिडक्यांच्या जागी काळी भोकं, वर पत्रा कागदासारखा मुडपलेला. दुबईची सुकी गोदी त्या वर्षांत अशाच जहाजांच्या दुरुस्तीने भरलेली असे. जहाज गोदीत आहे ही गोष्ट अब्बांनी खरी लिहिली होती. कारण तेवढं कात्रीने वेगळं केलं होतं.

लिफाफ्यात आणखी एक फोटो आहे, त्याआधीचा. डेकवर नऊ जण, मागे लाइफबोट. पाठीवर उर्दूत नऊ नावं, उभे आहेत त्या क्रमाने. सगळी निळ्या शाईत. दोन नावांपुढे नंतर कधीतरी काळ्या शाईत एकच शब्द लिहिलाय : मरहूम. एक रायगडचा, एक केरळचा. नावं इथे देत नाही, त्यांची घरं आहेत. रायगडच्या घरी अब्बा दर उन्हाळ्यात जाऊन यायचे. आम्हाला सांगायचे, जुना दोस्त आहे. दोस्त कधी दिसला नाही, त्याची अम्मा दिसायची. ती अब्बांना जेवल्याशिवाय सोडायची नाही.

युद्ध २० ऑगस्ट १९८८ रोजी थांबलं. लंडनच्या लॉइड्सच्या नोंदींवरून असं सांगतात की या युद्धात सुमारे ५४६ व्यापारी जहाजांना मार बसला आणि सुमारे ४३० नाविक गेले. जहाजांचा इतिहास तुम्हाला सहज मिळेल. 'सीवाइज जायंट' हे त्या वेळचं जगातलं सगळ्यात लांब जहाज मे १९८८ मध्ये लारकपाशी जळालं. पुढे ते दुरुस्त झालं, नावं बदलत जगभर फिरलं आणि शेवटी आपल्या गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघालं. त्याची लांबी, वजन, मालक, सगळं नोंदलेलं आहे. ४३० माणसांची घरं कुठल्या गावांत होती हे मात्र शोधत बसावं लागतं.

याच्या उलट एक उदाहरण मुंबईतच आहे. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या हिंदी खलाशांच्या नावांचं पुस्तक ठेवलेलं आहे. शाही हिंदी नौदलाचे सुमारे ४०० आणि व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ ६,००० जण. तशीच दुसरी प्रत चितगावला आहे. त्यात आपल्या खाड्यांवरच्या गावांची माणसं आहेत. इंग्रजांनी त्यांना पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने फारच थोडा दिला, पण निदान नाव लिहून ठेवलं. टँकर युद्ध कुठल्याच साम्राज्याचं नव्हतं, झेंडे भाड्याचे होते. म्हणून त्या नावांचं पुस्तक करणं ही कुणाचीच जबाबदारी ठरली नाही.

मग ती आपली आहे. कोकणी मुसलमानांचा इतिहास लिहिताना आपण अरब व्यापाऱ्यांपासून सुरुवात करतो, जंजिऱ्याच्या सिद्दींवर थांबतो, आणि नंतर एकदम आखाती पैशाने बांधलेल्या बंगल्यांवर येतो. त्या बंगल्यांतल्या काही विटा वॉर बोनसच्या ६१ दिवसांतून आल्या आहेत, हे कुठे लिहिलेलं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा पुन्हा आपल्याकडच्या घरांत फोन वाजू लागले. फरक इतकाच की आता मुलगा व्हिडिओ कॉलवर 'सब खैरियत' म्हणतो.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी जहाजी होते, त्यांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. नळी, हिशोबाचे कागद, अलॉटमेंटच्या पावत्या, बँकेचं पासबुक, यातलं काहीही रद्दीत देऊ नका. पत्रं आणि हे कागद एकत्र ठेवा, कारण पत्र जे लपवतं ते कागद सांगतो, आणि का लपवलं ते पत्र सांगतं. पाकिटं फेकू नका, टपालाचा शिक्का पाकिटावर असतो. फोटो फ्रेममधून काढून त्याची पाठ आणि कड बघा. हिजरी तारीख असेल तर इंग्रजी तारीख शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवा. आमच्या मुलांपैकी पुष्कळांना आता उर्दू वाचता येत नाही. तेव्हा ज्यांना येते त्यांच्याकडून पत्रं देवनागरीत उतरवून घ्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. त्या काळात रेडिओला कान लावून बसलेल्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. कोण कुठल्या झेंड्यावर होता हे त्यांना अजून तोंडपाठ आहे.

अब्बांच्या नळीतल्या शेवटच्या पानावर, डिसेंबर १९८७ च्या नोंदीपुढे, काम आणि वर्तणूक या दोन्ही रकान्यांत शिक्का आहे : व्हेरी गुड. त्यानंतर ते टँकरवर चढले नाहीत.